वल्हं आडवं

“वल्ही मारून कुणाचं पोट भरलंय आजवर? हा बघ तुझा मामा. भरलंय का याचं? दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो!”

मामा तिथंच होता, धक्क्यावर उकिडवा बसून चहा पीत. आईने बोट दाखवल्यावर त्याने एकदा स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि परत कपात तोंड घातलं. माझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही. असला वकील मिळाल्यावर फाशीच.

“मी येणार नाही,” मी म्हटलं.

“तुला विचारलं कुणी?”

“तेच म्हणतोय ना! विचारलंच नाहीस!”

“हळू बोल. पाण्यावरून सगळीकडे ऐकू जातं.”

“जाऊ दे! माशांना पण कळू दे!”

आई पहाटेच्या पहिल्या बसने मला न्यायला आली होती. काकांचं शहरात टायरचं दुकान आहे, पंक्चर, हवा, ट्यूब. उद्यापासून मी तिथं कामाला येतो असा तिने त्यांना परस्पर शब्द देऊन टाकला होता. बस डोंगरावरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, थांबते, मग परत खाली येते. ती खाली येताना आम्ही दोघांनी तिच्यात बसायचं, असा आईचा बेत. माझी बॅग तिने आल्या आल्या शेडमध्ये घुसून स्वतःच भरली होती. ओले मोजे पण आत कोंबले होते.

मी शाळा सोडली. सोडली की सोडवली, यावर घरात दोन मतं आहेत. सरांनी खडू फेकून मारला, मी तोच परत फेकला. त्यांचा नेम चुकला होता, माझा नाही. तेव्हापासून मी मामाकडे धरणावर असतो. मामाकडे लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या होड्या आहेत, कनू म्हणतात त्या. पाहुणे येतात, पुढे बसतात, मागे आमच्यापैकी एक जण बसून होडी चालवतो. सकाळी पाणी हलत नसतं तेव्हा तर होडी पाण्यावर आहे का हवेत, ते कळत नाही.

हे आईला काय सांगणार? ती कारखान्यात शाळेचे शर्ट शिवते, दिवसभर नुसत्या कॉलरी. जगातल्या सगळ्या पोरांना शाळेत जायला शर्ट शिवायचे आणि आपलंच पोरगं... हे वाक्य ती कधी पुरं करत नाही. तरी मला पाठ आहे. बाबा लांबच्या ट्रकवर असतात, फोनवर म्हणतात, “तुझी आई म्हणेल ते.” आणि आई जे म्हणते ते हेच.

“भिंगरी आहेस तू, भिंगरी,” ती म्हणाली. लाडातही मला भिंगरीच म्हणते, पण तेव्हा आवाज वेगळा असतो. “एका जागी बूड टेकत नाही. दुकानात बसलास की आपोआप वळण लागेल.”

“काकांच्या डोक्यात मी दोन दिवसांत पाना घालीन.”

“बघ! बघ कसा बोलतो!” हे मामाला.

मामाने कप धुतला, पालथा घातला. मग म्हणाला, “ताई, बस यायला वेळ आहे. एवढी आलीयस तर याच्याबरोबर एक फेरी मारून ये.”

“मी? त्या लाकडात?”

“राहू दे, मामा,” मी म्हटलं. “तिला भीती वाटते.”

खरं तर मी हे रागात म्हटलं होतं. पण आमच्या घरात एवढं पुरतं. आईने पदर खोचला.

“कुणाला भीती वाटते? आण रे जॅकेट.”

मामाने हाताला आलं ते लाइफ जॅकेट दिलं. आईने ते अंगात घालायच्या आधी उलटं केलं, खांद्याचा पट्टा ओढून बघितला आणि नाक मुरडलं. “ही शिवण कुणी घातली? अर्धी उसवलीये. यावर माणसं सोडता तुम्ही पाण्यात?”

“ते बसायला घेतो, ताई. खाली टाकायला.”

“मग मला कशाला देतोस? मी काय बसायची गादी आहे?”

दुसरं दिलं. उसवलेलं मामाने होडीत भिरकावलं. मी आईला सांगितलं की पाय मधोमध टाक, दोन्ही कडा धर. तिने एकच कड धरली आणि पाय बरोबर काठावर टाकला. होडी अशी तिरकी झाली की मामा गुडघाभर पाण्यात उतरला. आई पुढच्या फळीवर दाणकन बसली आणि म्हणाली, “तुमची होडी वाकडी आहे.” नाचता येईना, अंगण वाकडं. पण हे मनातच म्हटलं. मागे बसलो, धक्क्याला वल्हं लावलं आणि ढकललं.

पहिल्यांदा मी रागातच मारत होतो. आईसुद्धा पाठीवरूनच रागावलेली दिसत होती. पण होडीत राग जास्त वेळ ठेवता येत नाही. माणुसकी वगैरे म्हणून नव्हे हां. मी चिडलो की माझा गुडघा हलतो. गुडघा हलला की होडी हलते, होडी हलली की पुढचा माणूस किंचाळतो, आणि मग मी आणखी चिडतो. सुरुवातीला मी यातच दमून जायचो. नंतर गुडघा धरायला शिकलो. गुडघा धरला की उरलेलं पण जरा आवरतं.

मग पाणी शांत झालं, की मी झालो, काय ते. वल्हं बाहेर काढलं की त्याच्या टोकावरून थेंब पडतात, ओळीने, आणि प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ होतं. होडी पुढे जाते, वर्तुळं मागे राहतात, जणू आपण चालत आलो. समोरच्या डोंगराचा शेंडा पाण्यात खाली होता आणि आम्ही त्याच्या टोकावरून जात होतो. पलीकडे पंपघराची घुमघुम. होडीच्या नाकावर कोळ्याचा एकच धागा होता, रात्रीत बांधलेला. आईचा हात त्याला लागणार असं वाटलं, पण तिने हात मागे घेतला. तिलाही दिसला होता.

आईला मागून एवढा वेळ मी कधी बघितलंच नव्हतं. घरी ती तोंडासमोरच असते. अंबाड्याखाली केस पांढरे झालेत, तिथवर कलप पोचत नाही. मानेजवळ आकाशी रंगाचा एक धागा चिकटला होता, शाळेच्या शर्टाचा. सुट्टीच्या दिवशीपण.

“खोल आहे का?” तिने विचारलं.

“आहे.”

“किती?”

“बघायला गेलेल्या कुणी परत येऊन सांगितलं नाही.”

“वात्रट,” ती म्हणाली. पण कडेवरचा एक हात तिने सोडला आणि बोटं पाण्यात घातली.

मधोमध एक वाळलेलं झाड पाण्यात उभं आहे. धरण बांधलं तेव्हा तोडायचं राहून गेलं. त्यावर एक पाणकावळा असतो, पंख पसरून वाळवत. त्याच्या डाव्या पंखातलं एक पीस कधीचं गेलंय, त्या फटीतून पलीकडचं दिसतं. त्याला बघायला मी होडी जरा सावकाश केली, आणि तेवढ्यात खिंडीतून धुकं उतरलं.

धुकं आमच्याकडे येतं ते सांगून येत नाही. आधी डोंगर गेला, मग धक्का गेला, मग झाड अर्धं. मी वल्हं उचलून गुडघ्यांवर आडवं ठेवलं.

मामाचा हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. धुकं आलं की वल्हं आडवं. कारण एका बाजूला धरणाची भिंत आहे आणि भिंतीच्या टोकाला सांडवा, जास्तीचं पाणी जिथून खाली कोसळतं. न दिसता तिकडे गेलात तर मग विचारू नका. मामा धक्क्यावरून पत्र्याचा डबा वाजवतो. दोन ठोके, थांबायचं, परत दोन. आपण वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या कडेवर दोन ठोके द्यायचे. तो म्हणतो, मी इथं आहे. आपण म्हणायचं, आम्ही इथं आहोत. बस, एवढंच. डबा रस्ता दाखवायला नसतो. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे मामा दोन-दोन ठिकाणांहून वाजवतोय असं वाटतं. पाहुण्यांना मात्र प्रत्येक वेळी वाटतं, तो बोलावतोय.

डबा वाजला. मी ठोके दिले.

“बोलावतोय तो,” आई म्हणाली. “चल.”

“बोलावत नाहीये. थांबा म्हणतोय.”

“डबा वाजवून कुणी थांबा म्हणतं का? बस आली असेल. चल, उजवीकडून आवाज येतोय.”

“ती भिंत आहे, आई.”

“मला कान आहेत! तू वल्हव.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही.”

तिच्या मानेची शीर ताठ झाली. ती शीर मला ओळखीची आहे, आरशात बघतो ना रोज. लोक म्हणतात, पोरगं एवढं तापट कुणावर गेलंय. खाण तशी माती, दुसरं काय. होडीत एक जादा वल्हं ठेवलेलं असतं. आईने ते ओढून काढलं आणि उजव्या बाजूने सपासप मारायला लागली. पाणी माझ्या तोंडावर, जॅकेटवर, सगळीकडे.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! एरवी मी ओरडलो असतो. वल्हं हिसकावलं असतं आणि होडी उलटली असती, आणि आईला पोहता येत नाही. मी गुडघा धरला. माझं वल्हं डाव्या बाजूला पाण्यात सरळ उभं घातलं आणि खुंटीसारखं धरून ठेवलं. बाकी काही केलं नाही.

आता पुढचा माणूस एकट्या उजव्या बाजूने मारत सुटला आणि मागे डावीकडे खुंटी असली, तर होडी कुठे जाईल? कुठेच नाही. गोल फिरेल. पण धुक्यात ते कळत नाही. पाणी मागे पळतं, दंड दुखतात, वाटतं, केवढे लांब आलो.

थोड्या वेळाने धुक्यातून वाळलेलं झाड आलं. वर पाणकावळा.

“असली झाडं किती आहेत रे इथं?” आई धापा टाकत म्हणाली.

मी खुंटी घट्ट धरली. ती मारत राहिली. मधे डबा वाजला, मी एका हाताने ठोके दिले. परत झाड आलं. परत पाणकावळा.

“हे दुसरं.”

“बरं.”

“बरं काय बरं? हात चालव ना जरा! म्हातारीने वल्हवायचं आणि घोड्याने बसायचं!”

पुन्हा झाड आलं. आता मात्र पाणकावळ्याने मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, वर्गात उशिरा आलेल्या पोरांकडे सर बघतात तसं. आईचं वल्हं हवेतच थांबलं.

“याच्या पंखातलं एक पीस नाहीये,” ती म्हणाली.

“हो.”

“मघाच्याच्या पण नव्हतं.”

“हो.”

तिने वल्हं आत ओढलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, रडतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, कारखान्यात मुकादम उभा असताना हसतात तसं.

“भिंगरी!” ती म्हणाली. “मी भिंगरी झाले!”

मलाही हसू आलं. होडी थोडी हलली, आम्ही दोघांनी एकदम कडा धरल्या, आणि परत हसलो.

“तुला कळलं होतं?” हसू ओसरल्यावर तिने विचारलं. मागे वळली नाही. वळायचं नाही, हे तिला आता समजलं होतं.

“हो.”

“मग ओरडला का नाहीस?”

“ओरडलं की होडी हलते.”

डबा वाजला. तिने स्वतःच्या हातातल्या वल्ह्याने कडेवर दोन ठोके दिले, माझ्या आधी. मग वल्हं गुडघ्यांवर आडवं ठेवलं.

आईला नुसतं बसता येत नाही. जरा वेळाने तिने पायाशी टाकलेलं ते उसवलेलं जॅकेट उचललं, मांडीवर घेतलं, आणि कमरेच्या बटव्यातून सुई-दोरा काढला. हातातली सुई डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मग खांद्यावरून मागे माझ्याकडे धरली.

“ओवून दे.”

लहानपणी हे माझंच काम होतं. माझी बोटं ओली होती, धागा दोनदा फाटला, एरवी मी सुई पाण्यात फेकली असती. थुंकी लावून टोक केलं आणि ओवून दिली. ती शिवायला लागली. धुक्यात नुसता धागा ओढल्याचा आवाज येत होता, आणि वल्ह्यावरून टपकणारं पाणी. होडी झाडाच्या जवळच राहील एवढं मी मनगटाने सांभाळत होतो.

“रोज असतं धुकं?”

“थंडीत रोज.”

“आणि तू रोज असा बसतोस? गप?”

“बसावं लागतं.”

“वर्गात पाच मिनिटं बसवत नव्हतं तुला.”

“वर्गात पाणी नव्हतं.”

“पाहुणे घाई करतात?”

“सगळेच. मग मी त्यांना पाणकावळा दाखवतो.”

ती हुंकारली. सुई आत गेली, बाहेर आली. ती टाका घालून प्रत्येक वेळी पट्टा दोन्ही हातांनी खेचून बघत होती. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडाने विचारलंच.

“काकांकडे जायलाच पाहिजे का?”

“शब्द दिलाय मी.”

“तू दिलायस. मी नाही.”

ती पुढचा टाका घालत राहिली. मला वाटलं, झालं, संपलं. मी पाण्याकडे बघत बसलो. हे पाणी परत कधी बघणार, असं डोक्यात आलं आणि गुडघा हलायला लागला. गुडघा धरला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. वळणावर ड्रायव्हर लांबलचक वाजवतो तसा. मग गिअर टाकल्याचा आवाज, मग उतारावरून घरघर खाली, खाली, आणि गेली. भिंतीवरून तिचा आवाजसुद्धा परत आला, म्हणजे आमच्यासाठी बस दोनदा गेली.

“बस गेली,” मी म्हटलं.

“ऐकू आलं मला. बहिरी नाहीये.” आईने वाकून धागा दाताने तोडला. “आता दुपारशिवाय नाही ना?”

“नाही.”

“हं.”

धुकं जसं येतं तसंच जातं. आधी पाणकावळा नीट दिसला, मग डोंगराचा पाय, मग धक्का, आणि धक्क्यावर डबा घेऊन उभा असलेला मामा, काडीएवढा. आईने न सांगता वल्हं घेतलं. “आता मी कुठल्या बाजूने?” तिने विचारलं. मी सांगितलं, डावीकडून, सावकाश, माझ्या तालात. मी उजवीकडून धरलं. ती पहिल्यांदा चुकली, मग शिलाई मशीनच्या पायडलचा असतो तसला एक ताल तिला सापडला असावा, कारण मग होडी सरळ निघाली. इतकी सरळ की मागची वर्तुळं दोन ओळींत राहिली, एक तिची, एक माझी.

धक्क्यावर मामाने हात दिला. “ताई, बस...”

“गेली. तुझी बाकीची जॅकेटं कुठेत?”

“कुठली?”

“हीच, गाद्या तुझ्या. आण सगळी. माझं पोरगं या असल्या शिवणीवर लोकांना पाण्यात नेतं आणि तू चहा पितोस?”

मामाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

आई शेडच्या दारात स्टूल टाकून बसली. मामाने जॅकेटं आणून तिच्यापुढे ढीग केला. तिने आधी पट्टे ओढून दोन ढीग केले, बऱ्यांचा आणि वाईटांचा. वाईटांचा मोठा. मग फोन लावला. मी होडी पुसत होतो, म्हणजे तीच ती जागा परत परत पुसत होतो, आणि कान तिकडे.

“हं, भाऊजी... नाही, निघालो नाही... बस चुकली. नाही हो, दुपारीपण मी एकटीच येईन... तो? तो कामावर आहे... हो, कामावर. पाण्यावर... ते मला ठाऊक आहे शब्द दिला होता. मीच दिला होता, मीच परत घेते... नाही, भांडले नाही. ओरडलं की हलतं सगळं.”

फोन ठेवला. मी जागचा हललो नाही. तिने सुई माझ्याकडे धरली.

“ओवून ठेव पाच-सहा. आणि पावसाळा लागेपर्यंत बघायचं, मग परत बोलायचं. हे काही कायमचं नाही. आणि ते मोजे काढ बॅगेतून, वास मारतोय.”

“तूच कोंबलेस.”

“उलट बोलू नकोस.”

“मी कुठे उलट—”

“बघ, आवाज!”

मी सुया ओवल्या. एकही धागा फाटला नाही. ओवून तिच्या जॅकेटच्या खांद्यावर ओळीने टोचून ठेवल्या, कारण ते जॅकेट तिने अजून काढलंच नव्हतं. सांगितलं तर म्हणाली, असू दे, ऊब आहे.

आता पाहुणे आलेत. नवरा-बायको, आत्ताच धक्क्यावर उभे राहून भांडतायत. तिलाही मागे बसायचंय, त्यालाही मागेच बसायचंय. दोघांना कुणीतरी सांगायला हवं की मागे मी बसणार. मामा तिकडून हातवारे करतोय, आई दाताने धागा तोडता तोडता म्हणतेय की बसलास काय, लोक थांबलेत. खिंडीत परत पांढरं दिसायला लागलंय. डबा मामाकडे आहे ना, एवढं बघतो, आणि जातो. मला आता निघायलाच हवं.